टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध? मीटरवरचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

वॉटर प्युरिफायर विकणारा माणूस घरी आला की आधी खिशातून पेनासारखा मीटर काढतो. तुमच्या नळाचं पाणी पेल्यात घेतो, मीटर बुडवतो आणि आकडा दाखवतो : ३१०. मग सोबत आणलेल्या बाटलीतल्या पाण्यात तोच मीटर बुडवतो : १८. पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "बघा ताई, तुम्ही मुलांना काय पाजताय ते."

इथेच निम्मं काम झालेलं असतं. ३१० आणि १८ यांत चांगलं कोणतं हे सांगायला कुणी लागत नाही, कारण कमी म्हणजे स्वच्छ असं आपण मनात आधीच धरून बसलेलो असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे तक्तेही तेच सांगतात : इतका टीडीएस म्हणजे अमृत, इतका म्हणजे विष. पण टीडीएस हे शुद्धतेचं माप नाहीच. ते कशाचं माप आहे हे एकदा कळलं की पुष्कळ पैसे वाचतात, आणि काही गावांमध्ये तर मुलांचे दात आणि हाडंही वाचू शकतात.

आयकर खात्याचा टीडीएस वेगळा, त्याचा इथे संबंध नाही. पाण्यातला टीडीएस म्हणजे टोटल डिझॉल्व्ह्ड सॉलिड्स, मराठीत सांगायचं तर पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ. शाळेत आपण द्रावण, द्रावक आणि द्राव्य हे शब्द शिकलो होतो. पाणी हा द्रावक, त्यात विरघळलेलं मीठ हे द्राव्य आणि दोन्ही मिळून द्रावण. टीडीएस म्हणजे एक लिटर पाण्यातल्या सगळ्या द्राव्यांचं मिळून वजन, मिलिग्रॅममध्ये. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम. म्हणून एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम याचा अर्थ दहा लाखांत एक भाग. त्यालाच पीपीएम म्हणतात.

आकड्याचा अंदाज यावा म्हणून एक घरगुती हिशोब. चहाचा सपाट चमचाभर मीठ साधारण ५ ते ६ ग्रॅम भरतं. ते १० लिटरच्या बादलीत विरघळवलं, तर पाण्याचा टीडीएस ५०० ते ६०० ने वाढतो. समुद्राच्या पाण्याचा टीडीएस ३५,००० च्या आसपास असतो. पावसाचं पाणी थेट भांड्यात धरलं तर आकडा अगदी लहान येतो, कारण त्याने अजून जमीन पाहिलेली नसते. पाणी मातीतून, खडकांतून जसजसं झिरपत जातं तसतसे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट हे क्षार त्यात उतरत जातात. म्हणून धरणाच्या पाण्याचा टीडीएस कमी आणि बोअरवेलचा जास्त, हे बहुतेक ठिकाणी दिसतं. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणासारख्या तलावांतून येणारं पाणी या मोजमापात मुळातच हलकं आहे. त्याच शहरात टँकरने बोअरचं पाणी घेणाऱ्या सोसायटीत मात्र आकडा कितीतरी वर गेलेला असू शकतो.

'विरघळलेले' या शब्दाकडे नीट पाहायला हवं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा त्यातली माती विरघळलेली नसते, ती तरंगत असते. तुरटी फिरवली की ती खाली बसते. विरघळलेलं मीठ तुरटीने खाली बसत नाही, कापडाने गाळून निघत नाही. त्यामुळे चहासारखं लाल दिसणारं पुराचं पाणी टीडीएसमध्ये कमी भरू शकतं, आणि काचेसारखं नितळ दिसणारं विहिरीचं पाणी १,५०० भरू शकतं. जंतूंचंही तसंच. ते पाण्यात विरघळत नाहीत, पोहत असतात. कॉलराचे किंवा काविळीचे जंतू असलेल्या पाण्याचा टीडीएस खुशाल ६० असेल. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येते तेव्हा त्या मीटरला त्याचा पत्ताही नसतो.

मीटर वजन करतच नाही

टीडीएस काढण्याची मूळ पद्धत प्रयोगशाळेतली आहे. पाणी बारीक गाळणीतून गाळायचं, मग आटवायचं, उरलेला पांढरा अवशेष १८० अंश सेल्सिअसला वाळवायचा आणि तराजूवर ठेवायचा. यात खरोखर वजन होतं.

पेनासारखा मीटर यातलं काहीच करत नाही. त्याच्या टोकाला दोन छोटे इलेक्ट्रोड असतात. ते पाण्यातून थोडीशी वीज सोडतात आणि पाणी किती सहज वीज वाहून नेतं, म्हणजे त्याची विद्युतवाहकता किती, ते मोजतात. शुद्ध पाणी विजेचं अगदी दुबळं वाहक आहे. क्षार विरघळले की त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे होतात आणि ते वीज वाहतात. क्षार जास्त तर वाहकता जास्त. मीटर त्या वाहकतेला एका ठरावीक गुणकाने गुणतो, साधारण ०.५ ते ०.७ च्या दरम्यान, आणि आलेलं उत्तर 'टीडीएस' म्हणून दाखवतो. हा गुणक कंपनी ठरवते. म्हणून एकाच पेल्यात दोन वेगळे मीटर बुडवले तर एक ३०० आणि दुसरा ४०० दाखवू शकतो, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

म्हणजे मीटर अंदाज करतो, आणि तोही फक्त वीज वाहणाऱ्या पदार्थांचा. घरी मीटर असेल तर एक प्रयोग करून बघा. एक लिटर आरओच्या पाण्यात चार चमचे साखर विरघळवा. साधारण २० ग्रॅम साखर, म्हणजे खरा टीडीएस २०,००० च्या घरात गेला. मीटर जवळजवळ जागचा हलणार नाही. साखरेचे रेणू पाण्यात विरघळतात, पण आयन बनत नाहीत. आता त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाका. आकडा उडी मारेल.

साखर निरुपद्रवी आहे, पण हीच सवलत इतरांनाही मिळते. शेतात फवारलेली कितीतरी कीटकनाशकं अशीच विद्युतभार नसलेली असतात, आणि पाण्यात त्यांचं प्रमाण इतकं सूक्ष्म असतं की एरवीही मीटरच्या पकडीत ती आली नसती.

ज्याची भीती वाटायला हवी ते आकड्यात दिसत नाही

भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंतचं पाणी चालवून घेता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर टीडीएससाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा ठरवलेलीच नाही. तिने दिलेली वर्गवारी चवीची आहे : ३०० पेक्षा कमी उत्तम, ६०० पर्यंत चांगली, ९०० पर्यंत बरी, १,२०० पर्यंत वाईट आणि त्यापुढे न पिण्याजोगी. तक्ते फॉरवर्ड करणाऱ्यांनी चवीचे हे टप्पे आरोग्याचे टप्पे करून टाकले, असं म्हणायला बरीच जागा आहे.

याच मानकात इतर पदार्थांच्या मर्यादा बघितल्या की खरी गोष्ट लक्षात येते. फ्लोराइड : १ मिलिग्रॅम, फार तर १.५. नायट्रेट : ४५. आर्सेनिक : ०.०१. शिसं : ०.०१.

आर्सेनिकचं गणित करू. मीटरवरचा लहानात लहान बदल असतो १ चा. आर्सेनिकची मर्यादा त्याच्या शंभराव्या भागाइतकी आहे. म्हणजे मर्यादेच्या दहापट आर्सेनिक पाण्यात असलं तरी मीटरवर एक अंकही बदलणार नाही. पश्चिम बंगाल, बिहार आणि बांगलादेशात लाखो लोक वर्षानुवर्षं असं हातपंपाचं पाणी प्यायले. ते नितळ होतं आणि चवीला गोड होतं.

आपल्याकडचा प्रश्न फ्लोराइडचा आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त सापडतं. अशा पाण्यावर वाढलेल्या मुलांच्या दातांवर आधी पांढुरके आणि मग तपकिरी डाग पडतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडं आणि सांधे ताठरतात, पाठ वाकते. झालेलं नुकसान भरून येत नाही. आता समजा, एका बोअरच्या पाण्यात ४ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी वर. मीटरवर त्याने जेमतेम तीन-चार अंकांची भर पडेल. ४५० च्या जागी ४५४. "पाचशेच्या आत आहे, प्यायला हरकत नाही" असं म्हणून ते पाणी पास होईल. ३१० वाल्या शहरी घरात मीटर नको तिथे घाबरवतो आणि या गावात नको तिथे धीर देतो. माझ्या मते दुसरं जास्त वाईट.

नायट्रेट खतांमधून आणि सांडपाण्यातून भूजलात उतरतं. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना ते विशेष घातक, कारण त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते. इथे आणखी एक गैरसमज आडवा येतो : उकळलं की झालं. उकळल्याने जंतू मरतात, हे खरं आणि महत्त्वाचं. पण नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक उडून जात नाहीत. पाण्याची वाफ होते, ते मागे राहतात, म्हणजे उरलेल्या पाण्यात थोडे घट्टच होतात. जड पाणी उकळताना कॅल्शियमचा काही भाग भांड्याच्या बुडाशी पांढरा थर बनून बसतो, गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. तेवढाच कमी होतो.

जड पाणी आणि जास्त टीडीएस हेही एक नव्हे. जडपणा फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. सोसायट्या मोठा खर्च करून गच्चीवर सॉफ्टनर बसवतात आणि मग तक्रार येते की टीडीएस उतरलाच नाही. उतरणार नाहीच. सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, नळ पांढरे पडत नाहीत, पण विरघळलेल्या क्षारांची बेरीज तेवढीच राहते. आणि मुतखड्याचं खापर जड पाण्यावर फोडण्याआधी आपण दिवसात एकूण पाणी किती पितो ते पाहावं. कमी पाणी पिणं हे खडे होण्याचं मोठं कारण आहे.

टीडीएस जास्त म्हणजे विष, या समजुतीला सगळ्यात चांगलं उत्तर ओआरएस देतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. बेरीज २०.५ ग्रॅम, म्हणजे टीडीएस २०,५००. जुलाबाने कोमेजलेलं मूल याच द्रावणाने वाचतं. शहाळ्याच्या पाण्यात मीटर बुडवलात तर तोही काही हजारांत जाईल. काय विरघळलंय ते महत्त्वाचं, आणि मीटरला नेमकं तेच विचारता येत नाही.

तपकिरी पाण्याचा खेळ

मीटरने काम झालं नाही तर काही विक्रेते दुसरं यंत्र काढतात. त्याला धातूच्या कांड्या असतात. नळाच्या पाण्यात त्या बुडवून वीज सुरू केली की मिनिटभरात पाणी तपकिरी, हिरवट, शेवाळल्यासारखं होतं. शेजारचा आरओच्या पाण्याचा पेला तसाच नितळ राहतो. "ही घाण तुमच्या पोटात जाते." बघणाऱ्याच्या पोटात खरंच ढवळून येतं.

ती घाण पाण्यात नव्हतीच. ती कांडीतून आली. यंत्रात लोखंडाची कांडी असते. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजासारखा गाळ तयार होतो. याला विद्युतविघटन म्हणतात. आरओच्या पाण्यात आयन फार थोडे, त्यामुळे वीज वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. विक्रेत्याला इतकंच सांगा की आरओच्या पेल्यात तुमच्या स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ टाकून तेच पुन्हा करून दाखव. तोही पेला तपकिरी होईल. हे यंत्र घरच्या विजेवर चालतं, म्हणून तुम्ही स्वतः मात्र त्याच्या नादी लागू नका.

मग आरओ घ्यायचा की नाही?

आरओ, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस, हे मुळात उत्तम तंत्रज्ञान आहे. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या खटपटीत सिडनी लोएब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६० च्या सुमारास त्याचा कामाचा पडदा तयार केला. दाब देऊन पाणी त्या पडद्यातून ढकलायचं, पाणी पलीकडे जातं आणि क्षार अलीकडे अडतात. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिकही बऱ्याच अंशी अडतात.

विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत, खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचं पाणी इतकं खारं की डाळ शिजत नाही आणि तहान भागत नाही. तिथे आरओ चैन नाही, गरज आहे. फ्लोराइडग्रस्त गावांतही तसंच.

पण धरणाचं, महापालिकेने गाळून क्लोरीन टाकलेलं, २००-३०० टीडीएसचं पाणी ज्यांच्या नळाला येतं त्यांना क्षार काढायचं कारणच नाही. त्यांना धोका असतो तो फुटक्या जलवाहिनीतून किंवा न धुतलेल्या टाकीतून शिरणाऱ्या जंतूंचा. त्यासाठी उकळणं किंवा यूव्हीचा फिल्टर पुरेसा. उलट, आरओ यंत्रातला कार्बन पाण्यातलं क्लोरीनही काढून टाकतो. म्हणजे ते पाणी पुढे भांड्यात दोन दिवस राहिलं तर त्याची राखण करायला काही उरत नाही. १८ टीडीएसच्या पाण्यात अस्वच्छ हाताने पेला बुडवला, तर त्यातही जंतू वाढतात. उघड्या टाकीत भरून विकल्या जाणाऱ्या थंड पाण्याच्या जारबद्दल तर हे दुप्पट लागू.

शिवाय घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना सहसा दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं होतं की जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओला मनाई करावी, आणि इतरत्र यंत्रांनी निदान ६० टक्के पाणी वापरायोग्य दिलं पाहिजे. उत्पादकांची संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यात कायद्याचा काथ्याकूट बराच आहे, पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या राज्यात तीन बादल्या ओतून एक बादली मिळवणं कुठे शहाणपणाचं आणि कुठे नाही, एवढं तरी आपण न्यायालयाची वाट न पाहता ठरवू शकतो.

फार कमी टीडीएसचं पाणी प्यायल्याने हाडं ठिसूळ होतात, असेही मेसेज फिरतात. ती दुसऱ्या टोकाची भीती. आपल्याला लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुख्यतः अन्नातून मिळतं. पाण्यातून मिळतं ते वरकड, पण ते फुकट मिळत असताना पैसे देऊन काढून टाकायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून आजकाल यंत्रांना 'टीडीएस कंट्रोलर' असतो. तो बहुतेक वेळा इतकंच करतो की आरओने गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. नळाचं पाणी साधं असेल तर काही बिघडत नाही. बोअरमध्ये फ्लोराइड असेल तर मात्र जे काढलं तेच पुन्हा पेल्यात येतं. अशा घरी तो स्क्रू पूर्ण बंद असायला हवा.

बोअर किंवा विहिरीचं पाणी पीत असाल तर मीटरपेक्षा प्रयोगशाळेचा अहवाल मोलाचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, तिथे नमुना देता येतो. अहवालात टीडीएसच्या ओळीवर थांबू नका. फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतूंची ओळ आधी वाचा. एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर तपासलं तर अधिक चांगलं, कारण भूजल ऋतूंप्रमाणे बदलतं.

आणि घरात तो पेनासारखा मीटर पडून असेल तर त्याचा खरा उपयोग एक आहे : आरओचा पडदा अजून काम करतोय का ते बघणं. कंट्रोलर असेल तर तो बंद करून यंत्रात जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा महिन्यातून एकदा लिहून ठेवा. ८०० आत जाऊन ६० बाहेर येत होतं आणि आता २५० येतंय, तर पडदा बदलायची वेळ झाली. सर्व्हिसवाला सांगेल त्या तारखेला नव्हे, आकडा सांगेल तेव्हा.